दाणी साहेबांचा सायलेन्सर

मोटार बिघडली की माणूस पहिले पुढचं झाकण उघडतो. आतलं काही कळो न कळो, कमरेवर हात ठेवून पाच मिनिटं पाहतो आणि झाकण पुन्हा लावून टाकतो. मागच्या बाजूला वाकून पाहणारं गिऱ्हाईक मला चाळीस वर्षांत फारसं भेटलं नाही. माझा सगळा धंदा मागच्या बाजूचा. मी बशीर मिस्त्री, दिग्रसचा. सायलेन्सर बनवणं, वाकवणं, जोडणं आणि कोण्या अतिशहाण्यानं जोडलेला काढून फेकणं हे माझं काम. इंजिनवाले मिस्त्री स्वतःला डॉक्टर समजतात. मला ते काय समजतात, ते दिवाळी अंकात लिहिण्यासारखं नाही.

संपादक म्हणाले, अनुभव लिहा, पण उपदेश करू नका. उपदेश करावा अशी माझी वागणूकच नाही, हे खाली दिसेलच.

सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज दाबायचा डबा, असं लोक समजतात. तसं नाही. इंजिन श्वास घेतं आणि सोडतं. सोडलेला श्वास ज्या वाटेनं बाहेर जातो ती वाट म्हणजे माझा प्रांत. ही वाट अरुंद असली, फार वळणांची असली किंवा काजळीनं बुजली असली, तर जळका धूर आत तुंबतो आणि ताज्या हवेला जागाच मिळत नाही. तोंडावर उशी दाबून जिना चढा म्हटलं तर तुमचं जे होईल, तेच चढावर गाडीचं होतं. वाट मोकळी केली की तेच इंजिन, तेच पेट्रोल, पण गाडी चढ खेळत चढते. फार मोकळी केली तर मात्र गावभर बोंब होते आणि हळू चालवताना दम कमी पडतो. कितीवर थांबायचं ते पुस्तकात नसतं, हाताला कळावं लागतं. माझ्या हाताला कळतं, अशी माझी ख्याती होती. ख्याती वाईट गोष्ट आहे, माणूस तिच्या भरवशावर नको ते करून बसतो.

आता गिऱ्हाईकं म्हणाल तर एकेक नमुना. निवडणुकीला उभा राहिलेला एक भाऊ जीप घेऊन आला. म्हणे, "मिस्त्री, आवाज असा काढ का मी येऊन राह्यलो हे पुढच्या गावाले समजलं पायजे." काढून दिला. निवडणुकीत पडला, अनामतही गेली. महिनाभरानं तीच जीप घेऊन आला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "आता असं कर, मी घरापुढून गेलो तरी कोणाले समजू नये." तेही करून दिलं. गिऱ्हाईकाला का म्हणून विचारायचं नसतं.

माझं दुकान जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकासमोर, रस्त्याच्या या बाजूला. सरकारी कापूस खरेदी त्या जिनिंगच्या आवारातच चालायची. मी सांगतोय ती वर्षं कापसाच्या पडत्या भावाची. गाड्यांची रांग चार-चार दिवस हलायची नाही आणि आत गेलेल्या कापसालाही प्रत लागेल याचा नेम नव्हता. कापसाला इतकी किंमत उरली नव्हती की आम्ही मिस्त्री लोक ग्रीसचे हात पांढऱ्याफेक कापसाला पुसायचो. पूर्वी त्याच कामाला जुनं धोतर फाडताना घरात भांडण व्हायचं.

कापसाचा वैरी म्हणजे ठिणगी. म्हणून आवारात शिरणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरला, ट्रकला सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी लावलेली पाहिजे, असा नियम होता. ही जाळी मी बसवायचो आणि बसवली की छिन्नीनं सायलेन्सरच्या बाजूला तीन टिंबं मारायचो. फाटकावर रामधन नावाचा चौकीदार होता. तांड्यावरचा बंजारा गडी, मिशा पांढऱ्या, बोलणं मोजकं. त्याची एक पद्धत होती. काठीच्या टोकाला कापसाचा बोळा बांधायचा, सायलेन्सरच्या तोंडाशी धरायचा आणि ड्रायव्हरला गाडी रेस करायला सांगायची. बोळा करपला की गाडी परत. पण माझी तीन टिंबं दिसली की तो काठी खाली करायचा आणि हातानंच जा म्हणायचा. ड्रायव्हर लोक टिंबांसाठी माझ्याकडे यायचे. माझी चूल त्या तीन टिंबांवर पेटत होती. पुसद रोडवर एक नवा सायलेन्सरवाला दुकान टाकून बसलाच होता, बशीर कुठे घसरतो ते पाहत.

अशात आमच्याकडे दाणी साहेब आले. खरेदी केंद्राचे ग्रेडर. कोणाचा कापूस एक नंबर, कोणाचा दोन नंबर आणि कोणाचा परत, हे तेच ठरवायचे. यवतमाळचं नोकरदार घराणं, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी प्रत ठरवली की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी बदलायची नाही. जिनिंगमध्ये जाळीशिवाय गाडी येऊ देऊ नये, हा फाटकावर चिकटवलेला कागदही त्यांच्याच सहीचा.

त्यांच्याकडे जुनी पेट्रोल मोटार होती, बदामी रंगाची. ती दुकानासमोर उभी करून ते जरा इकडेतिकडे पाहत म्हणाले, "मिस्त्री, हिच्यात दम नाही राहिला. इंजिनवाल्याकडे तीनदा जाऊन आलो. तो म्हणतो इंजिन ठणठणीत आहे."

"मग घाई कायची हाय साहेब? फाटकापासून घरापर्यंत तर जायचं."

तेव्हा खरं दुखणं बाहेर आलं. दुखणं म्हणजे साडू. पुसदला राहायचे, त्यांच्याकडेही तशीच मोटार. दर चतुर्थीला दोन्ही कुटुंबं आपापल्या गाडीनं कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जात. साडू पुसदहून निघायचे आणि दिग्रसहून निघालेल्या दाणी साहेबांना वाटेतल्या लांब चढावर हॉर्न वाजवून गाठायचे. साहेब देवळापाशी पोचेपर्यंत साडूंचं दर्शन, प्रसाद सगळं आटोपलेलं असायचं. वर विचारायचे, "या, वाटेत चहाला थांबला होता का?"

"सहा वर्षं झाली," दाणी साहेब म्हणाले. "सहा वर्षं मी चहा प्यायलेलो नाही, मिस्त्री. येत्या चतुर्थीला मला तिथं आधी पोचायचं आहे. मंडळींचंही तेच म्हणणं आहे."

बायकोनं मनावर घेतलंय म्हटल्यावर मी पण मनावर घेतलं. खाली सरकून पाहिलं तर कारखान्यातून निघालेला जुनाट सायलेन्सर, आतल्या पडद्यांवर बोटभर काजळी, पाइप करंगळीपेक्षा थोडा जाड. मी सगळं काढून फेकलं. जाडा पाइप घेतला. पाइप वाकवताना तो चपटू नये म्हणून आत वाळू ठासून भरतात, दोन्ही तोंडं बंद करतात आणि भट्टीत लाल करून हळूहळू वळवतात. असे दोनच वळसे दिले, पहिल्यात सहा होते. मधला डबा नवा केला. त्यात भोकं पाडलेली सरळ नळी आणि नळीभोवती आवाज गिळायला भरण. धूर सरळ निघून जातो आणि आवाज भरणात मुरतो.

हे भरण काचेच्या लोकरीचं असतं. तिला आग लागत नाही. ती माझ्याकडची संपली होती आणि नागपूरहून यायला आठ दिवस लागणार होते. चतुर्थी पाच दिवसांवर.

त्याच सकाळी एक गोष्ट झाली होती. थावरा नावाचा एक शेतकरी, चार दिवस रांगेत राहून त्याची बैलगाडी आत गेली आणि अर्ध्या तासात परत आली. दाणी साहेबांनी कापूस फरतड ठरवला होता. फरतड म्हणजे झाडाला शेवटी शेवटी लागलेला, आखूड धाग्याचा, मरतुकडा कापूस. थावरानं गाडीतलं एक गाठोडं उचललं, माझ्या दुकानात आणून टाकलं आणि म्हणाला, "घे मिस्त्री. हात पुसाले कामी येईन."

ते गाठोडं माझ्यासमोर पडलेलं होतं आणि मला अक्कल सुचली. माझ्या आयुष्यात अक्कल सुचली की घरच्यांनी मला बांधून ठेवायला पाहिजे होतं. मी विचार केला, कापूस पातळ चिखलात भिजवला, डब्यात ठासला आणि भट्टीवर भाजला तर मातीचा जाळीदार पापुद्रा तयार होईल. कापूस जळून गेला तरी माती राहील, आवाज तिच्यात मुरेल. विटेसारखी गोष्ट. मला ती इतकी पटली की नागपूरवाल्यांनी आता माझ्याकडून माल घ्यावा, असंही मनात येऊन गेलं.

सरकी काढायला बायकोला बसवलं. शमीमनं दोन मुठी सरकी शेळीपुढे टाकली आणि विचारलं, "ये रुई जाएगी कहाँ?"

मी सांगितलं.

"रुई और आग को एक पाइप में सुलाओगे? इतने साल जिनिंग के सामने बैठके यही सीखे?"

"चिखलात भिजवतो ना."

"बिना धुली रुई पानी पीती है क्या? ऊपर ऊपर से गीली होती है."

ती कापसाच्या गावची, तिचे वडील पिंजारी. तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. कच्च्या रुईच्या अंगात तेलकटपणा असतो, ती पाणी आत घेत नाही. आणि कापसाची आग वर दिसत नाही, आतल्या आत धुमसते, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मलाही होतं. पण मी म्हटलं, "तुले सायलेन्सरातलं काय समजते?" हे वाक्य मला त्यानंतर घरात कोणत्याही विषयावर बोलू देत नाही.

डबा भरला, भाजला, बसवला. वरून माती छान लाल झाली होती. तोंडाशी जाळी लावली, ती मात्र एका बोल्टची, काढता-घालता येणारी, कारण जाळीनं थोडा दम अडतोच. साहेबांना सांगितलं, रस्त्यावर जाळी डिकीत, फाटकाजवळ आलं की लावायची. आणि सवयीनं डब्याच्या बाजूला तीन टिंबं मारली.

गाडी सुरू केली आणि कान तृप्त झाले. भरदार, खोल आवाज, कुठे फटफट नाही. दाणी साहेबांनी दारव्हा रोडवर एक चक्कर मारली आणि परत आले तेव्हा त्यांचा भांग विस्कटला होता. त्यांचा विस्कटलेला भांग मी पहिल्यांदाच पाहिला. "मिस्त्री," ते म्हणाले, "ही माझीच गाडी आहे ना?"

चतुर्थीला त्यांनी अर्धी रजा टाकली आणि कुटुंबासह गेले. दुपारी बायको-मुलांना घरी सोडून ते थेट माझ्या दुकानासमोर आले. गाडी चालूच ठेवली, उतरले आणि माझ्या तोंडात पेढा कोंबला. लांब चढावर साडूंनी नेहमीसारखा हॉर्न वाजवला. साहेबांनी फक्त पाय दाबला. आरशात साडू लहान लहान होत गेले. देवळापाशी साहेब कुटुंबासह दर्शन घेऊन, प्रसाद हातात धरून, पायरीवर उभे राहिले.

"आणि मग?"

"मग काय. मी विचारलं, वाटेत चहाला थांबला होता का?" एवढं सांगताना त्यांचे डोळे पाणावले. खोटं नाही सांगत.

मला पण फार बरं वाटलं. ते गाडीत बसले आणि रस्ता ओलांडून फाटकावर गेले. रामधननं काठी आडवी केली.

"जाळी कोठी हाय साहेब?"

"डिकीत आहे. आत जाऊन लावतो. मला उशीर झालाय."

"इथंच लावा."

"अरे, मी ओळखीचा आहे ना?"

"मी नाई अडवून राह्यलो, साहेब. तुमचा कागद अडवून राह्यला." त्यानं काठीनं फाटकावरची सही दाखवली.

साहेबांनी गाडी बंद केली, डिकीतून जाळी काढायला उतरले. इथेच घात झाला. गाडी चालू असते तोवर डब्यात नुसता धूर असतो, धुरात आग भडकत नाही. जाताना उष्णता आतपर्यंत पोचली नव्हती, परतीत पोचली होती. आता इंजिन थांबलं, धूर थांबला आणि मागच्या तोंडातून ताजी हवा आत शिरली.

रामधननं नाक वर केलं. जिनिंगच्या माणसाला जळत्या रुईचा वास झोपेतही उठवतो. "रुई जळून राह्यली," तो म्हणाला, आणि त्यानं भोंग्याची दोरी ओढली.

पुढचं एका मिनिटातलं आहे. भोंगा वाजला तसा आवारातला प्रत्येक माणूस कापसाच्या ढिगांकडे धावला. वास येतोय, धूर दिसत नाही, म्हणजे आग ढिगाच्या पोटात आहे, हा सगळ्यांचा हिशेब. पाण्याचा पाइप ओढला गेला. ढीग भिजवून टाका, असा ओरडा झाला. आणि भिजलेला कापूस म्हणजे परत, त्याला प्रत नाही, हाही दाणी साहेबांचाच नियम. साहेब स्वतः "पाणी मारू नका, आधी जागा शोधा" म्हणत मधे धावत होते, त्यांचं कोण ऐकतो? पाइपवाल्यासमोर पहिली उभी होती थावराची बैलगाडी. तो उरलेला कापूस घेऊन पुन्हा रांग लावून आत आला होता. तो गाडीसमोर दोन्ही हात पसरून उभा राहिला, जसा काही हातानं पाणी अडणार.

मी माझ्या दुकानाच्या दारात उभा. वास नाकात शिरला त्याच क्षणी मला कळलं होतं. मला एकट्यालाच कळलं होतं. बोललो तर तीन टिंबांचा निकाल लागला, पुसद रोडवाला पेढे वाटणार. नाही बोललो तर कोणाला कळणारही नाही, गाडीतला डबा आपोआप विझेल. कापूस भिजेल तो दुसऱ्यांचा. कबूल करतो, चार-पाच श्वास मी गप्प राहिलो. तोंडात अर्धा पेढा होता. तो गिळवेना आणि थुंकवेना. आजही कोणी पेढा दिला की मी खिशात टाकतो.

मग पाइपवाल्यानं चावी फिरवायला हात घातला आणि माझे पाय आपोआप निघाले.

"थांबा," मी ओरडलो. "तिकडं नाई. आग माया सायलेन्सरात हाय. म्याच कापूस भरला त्यात."

सगळे वळून पाहू लागले. लोक आगीला जितके घाबरले नव्हते तितके माझं वाक्य ऐकून चकित झाले. मी हातांना पोतं गुंडाळलं, गाडीखाली शिरलो, क्लॅम्प तोडले आणि तो तापलेला डबा ओढत रस्त्याच्या मधोमध आणला. छिन्नीनं झाकण उडवलं तशी आतली रुई भक्कन पेटली. रामधन वाळूची लाल बादली घेऊन तयारच होता. त्यानं वाळू ओतली, अर्धी डब्यावर, अर्धी माझ्यावर. ती माझ्यावरची चुकून पडली की कशी, ते मी कधी विचारलं नाही.

आग विझली. डब्याच्या एका कोपऱ्यात मात्र शमीमनं सांगितलं होतं तसंच निघालं. वर लाल मातीचा पापुद्रा आणि खाली कोरडी, पांढरी रुई, जळायची राहिलेली. तोवर दाणी साहेब धापा टाकत आले. मला वाटलं आता माझ्या थोबाडीत बसते. पण माणसाची सवय मोठी विचित्र. समोर कापूस दिसला तसा त्यांचा हात खाली गेला. चिमूट उचलली, दोन अंगठ्यांत धरून हळूच ताणली, धागा पाहिला, पुन्हा ताणली. कपाळावरची आठी गेली.

"लांब धागा आहे," ते म्हणाले. "मजबूत आहे, किडकी कवडी नाही. हा एक नंबर कापूस आहे, मिस्त्री. कोणाचा?"

मी वाळू झटकत राहिलो. मागून थावराचा आवाज आला, "मायाच हाय, साहेब. पाच दिस झाले, तुमीच फरतड म्हणून लोटला होता."

कोणीतरी आधी नाकातून हसलं. मग सगळं आवार हसलं. दाणी साहेब एकटे हसले नाहीत. ते कानापर्यंत लाल झाले आणि ती चिमूट बोटात धरून सरळ थावराच्या बैलगाडीकडे गेले. गाडीत कोपरापर्यंत हात घातला, खालचा कापूस काढला, ताणला, मुठीत दाबून पाहिला. मग खिशातलं पेन काढून एक नंबर लिहिलं. "त्या दिवशी सकाळची वेळ होती," ते म्हणाले. "दव होतं." थावरानं मान डोलावली. त्या दिवशी दव नव्हतं, पण साहेबानं प्रत बदलली म्हटल्यावर त्यांनी गारा पडल्या होत्या म्हटलं असतं तरी कोणाची हरकत नव्हती.

साहेबांचा डबा मी पुढच्या आठवड्यात नागपूरची लोकर आल्यावर नवा करून दिला. ती गाडी नंतर कितीतरी वर्षं चढ चढत होती. महिन्याभरानं पुसदहून एक पाहुणे तशीच मोटार घेऊन आले. म्हणाले, "दाणींना बसवून दिलात तसाच पाहिजे. फक्त त्यात कृपा करून कापूस नको." मी साडूंनाही तसाच बसवून दिला. धंदा म्हणजे धंदा.

आता टिंबांचं सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी जाळी लावलेला एक ट्रॅक्टर फाटकावर आला. रामधननं वाकून तीन टिंबं पाहिली आणि काठी उचलली. बोळा धरला, रेस करायला लावलं. बोळा पांढराच राहिला, गाडी आत गेली. दुसरी आली, तिलाही तसंच. मी दुकानातून पाहत होतो. त्यानं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. असा पूर्ण हंगाम गेला. माझी गिऱ्हाईकं तुटली नाहीत, पण प्रत्येक गाडीमागे ती काठी वर जायची आणि मी हातोडी खाली ठेवून बोळ्याकडे पाहत राहायचो. शमीम विचारायची, "आज कितनी बार मरे?"

हंगाम संपता संपता मी रस्ता ओलांडून गेलो. म्हटलं, "रामधन, एक डाव चुकलो. आता कायले तपासून राह्यला? मायावर भरोसा नाई काय?"

त्यानं काठीचा काळा न पडलेला बोळा सोडला, नवा बांधायला घेतला. "तुयावर हाय ना," तो म्हणाला. "तू सोताच्या तोंडानं बोलला. तुये टिंबं तर त्या दिवशी पण गुपचाप बसले होते."

मी परत आलो आणि टिंबं मारायची ती छिन्नी ट्रंकेत टाकून दिली. पुढच्या हंगामापासून मी जाळी बसवली की ड्रायव्हरसोबत स्वतःच फाटकापर्यंत जायचो. रामधन काठी धरायचा, मी गाडीच्या मागे धुरात उभा राहायचो, आणि बोळा पांढरा निघाला की दोघं आपापल्या जागी जाऊन बसायचो.